विमलताईंचा स्वल्पविराम

विमलताई,

तुमच्या शोकसभेत आपल्या ऑफिसचे साहेब म्हणाले, "विमलाजी ने कभी तनख्वाह के लिए काम नहीं किया." खुर्च्यांवरच्या सगळ्या माना एकदम हलल्या. समोर तुमचा फोटो होता. हार जरा मोठाच आणला होता, त्यामुळे चष्मा तेवढा दिसत होता. मला वाटलं, आता त्या चष्म्यावरून तुम्ही माझ्याकडे बघणार. म्हणून मी उभी राहिले आणि म्हणाले, "जी नहीं. तनख्वाह के लिए ही करती थीं. पूरी मिली नहीं, वो अलग बात है."

शेजारी बसलेल्या आपल्या गुरमीतनं माझा पदर ओढला. साहेबांनी घाईघाईनं दोन मिनिटांची शांतता जाहीर केली. खरं तर जाहीर करायची गरज नव्हती, ती आधीच पसरली होती. संपल्यावर आपल्या खोलीतले शर्माजी चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले की मृत माणसाबद्दल असं पैशाचं बोलू नये. मी म्हटलं, जिवंतपणी तरी कुठं बोलू देत होतात.

तुम्हाला आवडलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित म्हणाला असतात, "वाक्य बरोबर हाय, पण जरा लांबलं." पण एवढं नक्की, की तुम्हाला त्यागमूर्ती म्हणून भिंतीवर टांगलेलं मला बघवणार नव्हतं.

तुमचे भाऊ अमरावतीहून फोनवर ओरडून विचारत होते, "गोळी की बॉम्ब?" मी सांगितलं, हृदय. त्यांना ते पटेना. सात वर्षं ते तुमच्या नावानं पेपर उघडत होते. पंजाबातल्या गोळीबाराच्या बातमीत आधी तुमचं नाव शोधायचे, आणि प्रत्येक पत्रात एकच ओळ असायची: आता परत ये. तुमचंही उत्तर ठरलेलं. तुम्ही कार्डावर लिहायचात, "इथे माझा पगार आहे." कमी आहे असं मात्र कधी लिहिलं नाहीत, कारण मग ते म्हणाले असते, तेवढ्यासाठी कशाला?

आपली ओळख आठवते? इथं तीस नंबरच्या सेक्टरमध्ये कुणाकडे तरी हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका कुणाची बदली कुठं झाली, हे बोलत होत्या. फौजी घरात दुसरा विषय कुठला. तुम्ही कोपऱ्यात बसून एक लग्नपत्रिका माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "यात एक चूक हाय. सापडते का बघ." मला दोन सापडल्या. तुम्ही पत्रिका परत घेतलीत, चष्मा पुसलात, आणि दुसरी चूक खरंच आहे याची खात्री करून घेतलीत. मग विचारलंत, "सातारकरीण, नोकरी करते का व?"

मी म्हटलं, यांना विचारून सांगते. हे विद्यापीठात शिकवतात, आमचं बरं चाललं होतं. तुम्ही म्हणालात, आधी पगार किती ते तरी विचार, मग नवऱ्याला विचार. मी लाजले. तुम्हाला त्याचा राग आला. "काऊन लाजते? चोरीचा हाय का?"

त्या दिवशी तुम्ही मला आकडा सांगितलात, स्वतःचासुद्धा. कुणी बाईनं आपला पगार मला सांगितल्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. तुम्ही एका संशोधन संस्थेच्या प्रकाशन विभागात होतात. संस्थेचं नाव तुम्ही कधी घ्यायचा नाहीत, 'आपलं दुकान' म्हणायचात, मीही इथं तेच म्हणते. शास्त्रज्ञांचे लेख यायचे, आपण त्यांची भाषा सरळ करायची, तक्ते तपासायचे, प्रूफं वाचायची. शर्माजींची पानं वेगळी, तुमची वेगळी, आणि तुम्ही तीन वर्षं दुसरा वाचक मागत होतात. एकाच माणसानं दोनदा वाचलं तर त्याची चूक त्याला दोनदा बरोबर दिसते, असं तुमचं म्हणणं. शेवटी ती जागा भरायचं ठरलं, आणि ती मला मिळाली.

पहिल्या आठवड्यात तुम्ही मला खुणा शिकवल्यात. अक्षर काढायची, जागा सोडायची, आणि दोन शब्दांची अदलाबदल करायची ती नागमोडी रेघ, एका शब्दाच्या डोक्यावरून जाऊन दुसऱ्याच्या पायाखालून निघते ती. आणि एक नियम: खूण ज्यानं केली त्यानंच ती खोडायची, खाली सही करून. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही, साहेबालासुद्धा नाही. प्रेसच्या फोरमन सरदारजींना तुम्ही हा नियम इतका पाठ करून घेतला होता की तोंडी निरोप घेऊन गेलेल्या माणसाला ते "सही कित्थे है जी?" एवढंच विचारायचे.

दुसरी शिकवण होती एकोणनव्वद दिवसांची. आपल्याला नेमणूक मिळायची ती एकोणनव्वद दिवसांची, नव्वदाव्या दिवशी आपण नोकरीत नाही, एक्क्याण्णवाव्या दिवशी नवी ऑर्डर. त्या एका दिवसाच्या खंडामुळे तुम्ही सात वर्षं काम करूनही कायम तात्पुरत्या. बाकी सगळे तो दिवस घरी काढायचे. तुम्ही मात्र त्या दिवशी वेळेवर दुकानात यायचात, आत न जाता समोरच्या हिरवळीवर बसायचात, थर्मास उघडायचात आणि चहा प्यायचात. एकदा साहेबांचा शिपाई रामदीन धावत आला होता, कुठलंसं अर्जंट पान घेऊन. फक्त एक स्पेलिंग बघायचं होतं. तुम्ही त्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "आज मैं नौकरी पर नहीं हूँ, रामदीन. कल आना." तो परत गेला. मी खिडकीतून बघत होते, आणि मला वाटलं, बाई जरा अतिच करतात.

पगाराचं गणित मला कळायला वर्ष गेलं. आपण एका खोलीत चौघं. शर्माजी, तुम्ही, मी आणि गुरमीत. काम तेच, प्रूफं तीच, चुका त्याच. शर्माजींना मात्र आपल्या जवळजवळ दीडपट. एकदा तुम्ही साहेबांना सरळ विचारलंत. त्यांनी अगदी मायेनं समजावलं. तुम्हाला नवऱ्यामागं वायुसेनेची पेन्शन आहे, मला नवरा आहे, गुरमीतचं लग्न व्हायचं आहे. शर्माजींना घर चालवायचं असतं. खोलीत परत आल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे एकीचा नवरा मेला म्हणून, एकीचा जिता हाय म्हणून, अन् एकीचा अजून व्हायचा हाय म्हणून. आमचं घर काय आपोआप चालते?"

गुरमीत हसली नाही. तिला आणखी एक कारण होतं. ती शहराबाहेरून, पंजाबातल्या खरडहून यायची. बंद असला की तिची बस यायची नाही, आणि त्या दिवसाचा पगार कापला जायचा. एकदा नाक्यावर तिच्या भावाला पोलिसांनी बसमधून उतरवून घेतलं, ती त्याच्याबरोबर चार तास रस्त्याकडेला उभी राहिली, आणि दुपारी दुकानात पोचली तर हजेरीपुस्तकावर लाल रेघ. बंदच्या दिवशी साहेबांची गाडीही निघायची नाही, पण साहेबांचं काही कापलं गेल्याचं ऐकलं नाही. तुम्ही ते त्यांना लिहून विचारलंत. उत्तर आलं नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत. माणूस किती वेळा विचारू शकतो याला तुमच्याकडे मर्यादाच नव्हती.

मला हे सांगायला हवं की मी तुमच्या या विचारण्याला घाबरायचे. मी सोबत असायचे, पण अर्धं पाऊल मागं.

सतरा सेक्टरमधला तो दिवस मात्र मी कधी घाबरून आठवत नाही. कारंज्याजवळच्या बाकावर प्रूफांची पिशवी ठेवून आपण शेंगदाणे घ्यायला गेलो, आणि परत येतो तर बाकाभोवती मोकळं रिंगण, शिट्ट्या, लोक दुकानांच्या खांबांमागं. बेवारस पिशवी. तुम्ही पुडा हातात घेऊन सरळ त्या रिंगणात चालत गेलात. पोलीस शिपाई ओरडला, किसका है? तुम्ही म्हणालात, "मेरा है जी. इसमें प्रूफ हैं." तो म्हणाला, "किस चीज का प्रूफ?" तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "गलतियों का." त्यानं तुम्हालाच पिशवी उघडायला लावली. आत कागदच कागद, लाल शाईनं रंगलेले. त्यानं दोन पानं उलटली आणि म्हणाला, मेरे मुंडे की कॉपी भी ऐसी ही आती है, पोराची वहीही म्हणे शाळेतून अशीच लाल येते. शेंगदाणे त्यालाही दिले. परतीच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि तुम्ही हसत होतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्याच बाकावर पुढं आपलं भांडण झालं.

सुरुवात शर्माजींच्या ऑर्डरपासून झाली. शर्माजी स्वभावानं गरीब. तुम्ही मागितलात म्हणून त्यांनी आपला जुना नेमणुकीचा कागद आणून दाखवला. त्यावर पद होतं 'एडिटोरियल असिस्टंट'. आपल्या तिघींच्या कागदांवर होतं 'असिस्टंट, एडिटोरियल'. शब्द तेच, मागेपुढे. पण असिस्टंट म्हणजे हिशेबातला असिस्टंट, भांडारातला असिस्टंट, कारकुनाची श्रेणी. आणि एडिटोरियल असिस्टंट म्हणजे तांत्रिक कर्मचाऱ्यांची श्रेणी. घर चालवायचा प्रश्नच नव्हता. आपल्याला त्या श्रेणीत बसवलंच नव्हतं.

तुम्ही अर्ज लिहिलात, तिघींनी सह्या केल्या. महिन्यानं उत्तर आलं: पदनामांबाबत संस्थेचं हँडबुक अंतिम आहे. हँडबुकात पदांची यादी आहे, आणि यादीत छापलं आहे 'असिस्टंट, एडिटोरियल'. तुम्ही ते उत्तर वाचलंत, कपाटातून हँडबुक काढलंत, पान उघडलंत, आणि तुमचा चेहरा उतरला. संध्याकाळी म्हणालात, सतरात चल, जरा बसू.

बाकावर बसून तुम्ही मला सांगितलंत. "ही यादी मीच केली व."

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. हँडबुकासाठी पदांची यादी अक्षरक्रमानं लावायचं काम तुम्हाला दिलं. सूची कशी करायची, हे तुम्ही नुकतंच शिकला होतात: मुख्य शब्द आधी, मग स्वल्पविराम, मग विशेषण. आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात तसं. सगळे असिस्टंट एका जागी यावेत म्हणून तुम्ही नीटनेटकेपणानं शब्द फिरवलेत आणि मध्ये स्वल्पविराम टाकलात. सूची म्हणून ते अगदी निर्दोष होतं. पुढच्या नेमणुकांचे कागद टाइप करणाऱ्यानं पदनाम त्या यादीतून जसंच्या तसं उचललं, हिशेबवाल्यांनी त्याला कारकुनाची श्रेणी लावली. हातानं टाकलेला तुमचा स्वल्पविराम तुमच्याच पहिल्या नव्या ऑर्डरवर येऊन बसला, आणि मग माझ्या, मग गुरमीतच्या. अशी चूक फक्त आपल्या धंद्यातलाच माणूस करू शकतो.

हे सांगून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला माझ्याकडून काय हवं होतं, ते मला आज कळतंय. पण तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आमचा पगार तुमच्या स्वल्पविरामानं खाल्ला."

तुम्ही म्हणालात, "हो." मग म्हणालात, "मीच काढीन तो."

मी तुमच्याबरोबर बसस्टॉपपर्यंतसुद्धा आले नाही. घरी पाहुणे येणार आहेत असं सांगितलं. पाहुणे नव्हते.

दुसऱ्या अर्जावर मी सही केली नाही. माझी ऑर्डर संपत आली होती, हे म्हणाले की तू यात पडू नकोस, मलाही ते सोयीचं वाटलं. गुरमीतला तुम्हीच सांगितलंत, तू करू नको, तुझं अजून कच्चं आहे. तुम्ही एकटीनं लिहिलंत. त्यात स्वच्छ लिहिलंत की यादीतली मांडणी माझी आहे, ती सूचीसाठी होती, पदनाम बदलण्याचा हेतू नव्हता, चूक माझी, दुरुस्त करावी. आपल्या दुकानात कुणी स्वतःची चूक कागदावर कबूल केल्याचं मी पाहिलं नव्हतं. शर्माजी म्हणाले, ये तो अपने पैर पर कुल्हाड़ी है. मीही मनात म्हटलं, हात दाखवून अवलक्षण.

तसंच झालं. तुम्हाला मेमो आला. निष्काळजीपणाबद्दल ताकीद. तुम्ही तो वाचता वाचता थांबलात आणि हसायला लागलात, सतराच्या बसमध्ये हसलात तसं. मला जवळ बोलावून तुम्ही बोट ठेवलंत. मेमोवर वर टाइप केलं होतं: श्रीमती विमल, एडिटोरियल असिस्टंट. टाइपिस्टनं माणूस बोलतो तसं सहज टाइप केलं होतं, आणि साहेबांनी खाली सही केली होती. तुम्ही म्हणालात, "शिव्या द्यायच्या वेळी बरोबर नाव आठवते बघ यांना." आणि तो ताकीदीचा कागद टेबलाच्या काचेखाली असा सरकवलात, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा. मी हसले, पण पुरतं नाही. त्यानंतरचे अकरा दिवस आपण फक्त कामाचं बोललो. बाराव्या दिवशी रविवार होता, आणि सकाळी तुम्ही गॅसवर चहाचं पाणी ठेवलंत आणि तिथंच कोसळलात.

विमलताई, त्या बाकावर जे बोलायला हवं होतं ते मला आत्ता सुचतंय. शोकसभेतून घरी चालत येताना सुचलं, तुम्हाला ऐकायला कान नाहीत तेव्हा. मी चुकीचं बोलले. स्वल्पविराम कुणाचा पगार खात नाही. शर्माजींचा जुना कागद हिशेबवाल्यांच्या फायलीत होता, साहेबांच्या फायलीत होता. दर एकोणनव्वद दिवसांनी आपला कागद त्यांच्या हातून जायचा. त्यांना दिसत नव्हतं? दिसत होतं, आणि परवडत होतं. बीळ तुम्ही नकळत करून ठेवलंत, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले ते. आणि तुमची चूक पकडायला तेव्हा दुसरा वाचक नव्हता, कारण त्याचा पगार संस्थेनं वाचवला होता. मी चार वर्षं आधी आले असते तर मला ती सापडली असती. लग्नपत्रिकेत मला दोन सापडल्या होत्या.

हे एवढं वाक्य तुम्हाला देता आलं असतं. तुम्ही माझं ते दुसरं वाक्य घेऊन गेलात. त्याबद्दल मला माफ करा असं मी म्हणत नाही, कारण तुम्ही 'जाऊ दे ना व' म्हणाला असतात आणि मला ते स्वस्तात मिळालेलं नको आहे.

तुमच्या लेकीनं, मंजिरीनं, सभेच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर माझ्यापुढं ठेवला. तिला आपलं सगळं मराठी कळतं, पण बोलते हिंदीच, तुम्हाला त्याचं दुःख होतं. तिनं विचारलं, "मौसी, मम्मा की पोस्ट क्या लिखूँ? उनके कागजों में तो कुछ उल्टा-सा लिखा है." मी म्हटलं, "एडिटोरियल असिस्टंट. बीच में कुछ नहीं." तिनं तसंच लिहिलं. तिच्या हातातला पेन तुमचा लाल पेन होता. घरात दुसरा पेन सापडला नाही म्हणाली.

आणि मग, सभेनंतर चार दिवसांनी, माझ्या टेबलावर हँडबुकाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं आली.

यादीचं पान उघडायला मला धीर होत नव्हता. होतं ते तिथंच होतं. मी तुमच्या टेबलाच्या काचेखालून मेमो काढला, शर्माजींकडून त्यांचा कागद पुन्हा मागून घेतला. तो त्यांनी लगेच काढून दिला. मग मी ती नागमोडी रेघ काढली, असिस्टंटच्या डोक्यावरून, एडिटोरियलच्या पायाखालून, आणि स्वल्पविरामावर काट मारली. समासात कारण लिहिलं: सूचीसाठी फिरवलेले शब्द, पदनाम मूळ आदेशाप्रमाणे. खाली माझी सही. दुसऱ्या वाचनाची सही लागते, ती आता कोण करणार असं मी म्हणायच्या आत गुरमीतनं पान ओढून घेतलं. मी तिला म्हटलं, तुझं अजून कच्चं आहे. ती म्हणाली, "आंटीजी भी यही बोलती थीं. लाओ इधर." मंगळवारी पानं प्रेसला गेली.

बुधवारी दुपारी उद्याच्या बंदची बातमी आली, सगळ्यांना लवकर सोडलं. मी पर्स उचलत होते तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. प्रेसकडून शेवटची पानं त्यांच्यापुढं आली होती. ते रागावले नाहीत. म्हणाले, विमलाजींच्या जाण्यानं तुम्ही भावुक झाला आहात, मी समजू शकतो. मग म्हणाले, "कल सुबह आकर यह निशान काट दीजिए, दो बजे छपाई शुरू होने से पहले. फिर आपका नया ऑर्डर टाइप करवा देते हैं." मी फक्त "जी" म्हटलं. जिना उतरताना बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. माझा एकोणनव्वदावा दिवस तोच, बुधवारच होता. साहेब इतकी वर्षं हा खंड आम्हाला देत आलेत, आणि ते स्वतःच विसरले होते की उद्या मी नोकरीतच नाही.

म्हणून आज गुरुवारी मी हे हिरवळीवर बसून लिहितेय. बंद या वेळी फक्त पंजाबात आहे, शहर चालू आहे; गुरमीत रात्री माझ्याकडेच राहिली, म्हणून कामावर आहे. धुकं फिटलंय, ऊन पाठीवर आहे. थर्मास मंजिरीकडून मागून आणला, तुमचाच. झाकणाला तडा आहे हे मला माहीत नव्हतं, पदरावर चहा सांडला.

अकरा वाजता रामदीन आला. साहब बुला रहे हैं. मी म्हटलं, "आज मैं नौकरी पर नहीं हूँ, रामदीन. कल आना." त्यानं माझ्याकडे बघितलं, थर्मासकडे बघितलं, आणि तो परत गेला. बारा वाजता तो पान घेऊनच आला. फक्त एक काट मारायची आहे, आणि सही. मी पानाकडे पाहिलं नाही. साहेब खिडकीत येऊन उभे राहिले. त्यांनी प्रेसला फोन लावला असणार, कारण पाऊण वाजता गुरमीत बाहेर आली आणि गवतावर बसून मला सांगितलं की फोरमन सरदारजी विचारतायत, सही कित्थे है जी. ती खूण मी केली आहे. ती मीच खोडू शकते. आणि आज संस्थेच्या कागदोपत्री मी कुणीच नाही.

मला भीती वाटत नाही असं नाही. उद्या नवी ऑर्डर टाइप होईल की नाही, मला ठाऊक नाही. गुरमीतलाही विचारतील. मी सकाळी यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, स्वेटर घेऊन जा. पण एवढं मला ठाऊक आहे की हँडबुक अंतिम आहे असं त्यांनी स्वतः लिहून दिलंय, तुमच्या अर्जाला उत्तर म्हणून, सहीनिशी. तो कागद माझ्याकडे आहे, आणि हँडबुक आता बदलतंय. मेमो आहे. गुरमीतचे कापलेले दिवसही मी लिहून काढलेत. तुम्ही किती वेळा विचारू शकत होतात याला मर्यादा नव्हती, आता मी शिकतेय.

दोन वाजून दहा मिनिटं झालीत. गुरमीतनं खिडकीतून हात वर केला. प्रेसमध्ये मशीन सुरू झालं.

तुमची चूक मी दुरुस्त केली असं मी कुणाला सांगणार नाही, विमलताई. यादी तुम्ही केलीत, ते पहिलं वाचन. प्रत्येक पानाचं दुसरं वाचन करायचं असतं, त्या पानाचं राहून गेलं होतं, ते मी केलं. आणि त्याचा पगार मी घेणार आहे.